अर्ज समक्ष आणावा

"इथे ऑनलाइन मिळतं का?"

शहरातल्या वांडेगेया भागातल्या चढावरच्या त्या चिमुकल्या दुकानात शिरता शिरता प्रॉसीने हे तावातावाने विचारलं. सकाळपासून ज्या फाटकावर जावं, तिथला पहारेकरी एकच पाठ म्हणत होता – अर्ज ऑनलाइन करा, न्याबो, म्हणजे बाईसाहेब. तिच्या हातातलं अर्जाचं पाकीट कुणी उघडणं दूरच, धरायलासुद्धा तयार नव्हतं. वरून पाऊस. बुटांना लाल चिखल. चिडणार नाही तर काय करणार बिचारी!

काउंटरमागच्या तरुणाने झेरॉक्सच्या यंत्रातून मान वर काढली. "मिळतं ना. किती किलो देऊ?"

"ताजं आहे का?"

"आत्ताच उतरवलंय. पण वीज गेली की नासतं हं."

प्रॉसीला रागवायचं होतं, पण हसू फुटलं. त्याचं नाव लुबोवा. डोळे असे, की माणूस गंभीर आहे की थट्टा करतोय ते कळूच नये. त्याने तिचं ओलं पाकीट हलकेच घेतलं, कागद पंख्यापुढे वाळवले आणि एका मोठ्या गेस्ट हाऊसच्या स्वागतकक्षातल्या जागेचा फॉर्म उघडला.

"शिक्षण?... अनुभव?... विवाहित की अविवाहित?"

"हे विचारलंय त्यात?"

"नाही..." लुबोवा पडद्याकडेच बघत म्हणाला, "पण विचारायला हवं होतं त्यांनी."

प्रॉसीचा फोन साधा, बटणांचा. म्हणून संपर्कासाठी त्याने स्वतःचा नंबर टाकला. मग काय, ‘उत्तर आलं का’ विचारायला ती रोज चढ चढू लागली. उत्तर नसायचं. पण कोपऱ्यावरचा गरमागरम रोलेक्स – चपातीत गुंडाळलेलं ऑम्लेट – दोघांत अर्धा अर्धा व्हायचा, आणि मोठा अर्धा कोण जाणे कसा तिच्याच वाट्याला यायचा.

"सगळं तोंडावर सांगण्यात काय मजा असते!" ती म्हणायची. "माणूस समोर असलं की मी बरोबर जिंकते. त्या डबड्यापुढे मला काही सुचत नाही."

"मी समोर असतो तेव्हा तर खूपच सुचतं," लुबोवा म्हणायचा. आणि प्रॉसी रोलेक्सकडे बघत बसायची.

तशी, ती जिच्याकडे उतरली होती त्या आत्याने महिनाअखेरपर्यंतचीच मुदत दिली होती. नोकरी नाही, तर परत गावी, मसाकाला, वडिलांच्या कॉफीच्या मळ्यात. तिकडून निघताना अख्खं गाव टॅक्सीपर्यंत सोडायला आलं होतं, कोंबडी बांधून दिली होती. आता कोणत्या तोंडाने परत जाणार? रात्री अंथरुणावर ती नुसता विचार करायची आणि कान गरम व्हायचे.

आणि एके दिवशी बोलावणं आलं. मुलाखत – तीही पडद्यावर!

लुबोवाने दुकानाची मागची खोली झाडली, तिच्यामागे स्वच्छ चादर टांगली. नेमका त्याच वेळी पाऊस आला. पत्र्याला भोक, खाली इंटरनेटची पेटी! तो चादरीच्या कडेला, कॅमेऱ्यात दिसणार नाही अशा बेताने, पेटीवर घमेलं धरून उभा राहिला.

"हलू नका हं," ती पुटपुटली.

"तू म्हणशील तोवर उभा राहीन." तो पहिल्यांदाच ‘तू’ म्हणाला होता. तिच्या ते लक्षात आलं... चांगलंच लक्षात आलं.

पडदा उजळला. दोन तरुण साहेब दिसले. बोलणं सुरू झालं, प्रॉसी धडाधड उत्तरं देऊ लागली. तेवढ्यात एक पोक्त बाई येऊन मधोमध बसल्या. डोक्याला रुमाल, चेहरा थेट गावच्या थोरल्या काकूंसारखा. एक साहेब म्हणाला, "या आमच्या मालकीणबाई, नालोंगो."

नालोंगो म्हणजे जुळ्यांची आई, मानाची बाई. आणि वडीलधारं माणूस समोर आलं, की प्रॉसीचे गुडघे तिला विचारायला थांबत नसत. ती झटकन खुर्चीवरून उतरली, जमिनीवर गुडघे टेकले आणि मान लववून अगदी सावकाश, घरी शिकवलं होतं तसं, क्षेमकुशल विचारू लागली.

पडद्यावर उरली रिकामी खुर्ची.

"हॅलो? हॅलो? कुठे गेली मुलगी?"

घाबरून लुबोवा पुढे वाकला, आणि घमेल्यासकट पडद्यावर आला.

"तुम्ही कोण?"

"मी?..." त्याची बोबडी वळली. "मी... मी नेटवर्क."

प्रॉसी टेबलाखालून वर आली तेव्हा पलीकडचे दोघे साहेब खो खो हसत होते. आणि मागे – मागे लुबोवाही हसत होता! इतका, की घमेल्यातलं पाणी सांडत होतं. तिने एकदाच वळून पाहिलं आणि लॅपटॉप खाड्‌कन मिटला.

"प्रॉसी, अगं ऐक –"

"हसा ना! गावंढळ मुलगी, डब्यासमोर गुडघे टेकते. हसा पोटभर!"

ती भर पावसात निघून गेली.

त्यानंतर ती त्या चढाकडे फिरकली नाही. भाजी आणायला लांबून वळसा घालायची. शरमेचं असं असतं, रस्ता बदलला तरी ती आधीच पुढे जाऊन उभी! भांडी घासताना, चर्चमध्ये, टॅक्सीत, तिला ती रिकामी खुर्चीच दिसायची. आणि ते हसू. साहेबांचं हसू तिने कधीच विसरून टाकलं असतं. ह्याचं विसरता येत नव्हतं.

एका संध्याकाळी आत्याने हाक मारली. "दारात कोणीतरी आलंय. म्हणतंय, मी नेटवर्क. हे काय नवीनच?"

लुबोवा खाली मान घालून उभा होता. थट्टेचा मागमूस नव्हता चेहऱ्यावर.

"मी स्वतःला हसलो ग," तो म्हणाला. "एवढी चांगली मुलगी समोर, मोठी माणसं विचारतायत तू हिचा कोण... आणि मला काय सुचलं, तर नेटवर्क! पण हसलो ते चुकलंच. तुझं वाटोळं झालं आणि मी दात काढत होतो. रोज फोनवर लिहितो आणि पुसतो. शेवटी म्हटलं, हे तोंडावरच सांगायला हवं. मला लाज वाटते, प्रॉसी."

लाज आपल्या एकटीच्याच वाट्याला आली आहे, असं प्रॉसीला इतके दिवस वाटत होतं.

"त्यांचं काही उत्तर...?"

"काहीच नाही."

"मग मीच जाते. समक्ष."

"पहारेकरी सोडणार नाही."

"बघू या!"

पहारेकऱ्याने खरंच सोडलं नाही. "ऑनलाइन, न्याबो," त्याने पाठ म्हटला. प्रॉसी फाटकाशी उन्हात उभी राहिली. परत फिरावं असं तिला कितीदा तरी वाटलं. शेवटी एक गाडी आली, मागे नालोंगो बसलेल्या – आणि झालं! गुडघे खडीवर टेकलेसुद्धा. आता मात्र प्रॉसीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

गाडीची काच खाली आली. नालोंगोंनी वाकून पाहिलं. "अगं... तू तीच ना? गायब झालेली?"

"हो... मी खालीच होते."

"अगंबाई! म्हणजे आम्ही वर हॅलो हॅलो करतोय, आणि तू खाली नमस्कार करतेस?" त्या डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. मग एकदम थांबल्या. "आम्हाला वाटलं, पोरगी चिडून उठून गेली. म्हणून बाद केलं तुला. इथली जागा तर भरली ग. जिंजाच्या शाखेत जाशील? आलेल्या माणसाचं स्वागत तुला शिकवावं लागणार नाही, एवढं दिसतंय."

जिंजा. नाईलच्या काठी, बसने दोन-तीन तास दूर. प्रॉसी ‘हो’ म्हणाली. नोकरी मिळाल्याच्या आनंदातही छातीत काहीतरी टोचलं... आता रोलेक्सचा मोठा अर्धा कोण देणार?

लुबोवाने तिची पेटी बसवर चढवली आणि बस हलेपर्यंत तिची दोरीच आवळत राहिला. अशी जीभ, आणि ऐन वेळी मुकी!

जिंजाला काउंटरवर तिच्यासमोर एक संगणक होता. एका दुपारी पाहुणे नसताना तो वाजला. पडद्यावर लुबोवा – चक्क कोट घालून.

"कुठली मुलाखत आहे तुझी?" प्रॉसीने विचारलं.

"आहे एक. खूप भीती वाटतेय." त्याने टाय सारखा केला, तोंड उघडलं... आणि गायब झाला. पडद्यावर रिकामी खुर्ची.

"लुबोवा? हॅलो? नेटवर्क गेलं की काय?"

खालून कुठून तरी आवाज आला. "नेटवर्क इथेच आहे... गुडघ्यांवर. प्रॉसी, माझं तुझ्यावर प्रेम आहे. वर यायची लाज वाटते. तू आधी काहीतरी बोल."

प्रॉसीच्या कानापर्यंत ऊब चढली. तीच ती, महिनाभर छळणारी लाज – पण आज ती गोड लागत होती. तोंड कुठे लपवावं ते कळेना, तेव्हा ती सरळ काउंटरखाली बसली.

"असला अर्ज आम्ही ऑनलाइन घेत नाही," ती खालूनच म्हणाली. "आत्याच्या दारात समक्ष आणावा लागतो."

"कधी आणू?"

"रविवारी... लवकर ये."

तेवढ्यात वर कुणीतरी काउंटरवर टकटक केलं.

"कोणी आहे का इथे?"