गुरुवारची काच

परसातल्या दोरीवरचे कपडे काढायला मी मागच्या दारी गेले, तेव्हा भिंतीपलीकडे स्टुलावर उभा राहून एक माणूस माझ्याकडे बघत होता — एक डोळा मिटून!

डोळा मारणारे मी कॉलेजच्या रस्त्यावर पाहिले होते. पण ते डोळा मारतात आणि सायकल दामटतात. हा मात्र मिटलेला डोळा उघडायलाच तयार नव्हता. शेजारी लठ्ठ, लांबलचक नळी, तिचं तोंड आभाळाकडे आणि याचं तोंड... सरळ आमच्या दोरीकडे. मी तरातरा गेले आणि मागच्या दाराचा दिवा लावला. चोर असो की चावट, उजेडात चेहरा तरी दिसेल!

"अहो, बत्ती बंद करा! बत्ती!" तो कळवळून ओरडला.

"का? अंधारात काय करायलात?"

"तारा बघायलोय!"

"तारे वर असतात. मी इकडे आहे."

कपाळाला हात लावून तो स्टुलावरून उतरला. मी दिवा तसाच ठेवून आत आले. कपडे दोरीवरच राहिले.

तसं त्या छप्पन साली हैदराबादेत कोण कुणावर विश्वास ठेवत होतं? दिवाळीच्या तोंडावर आमच्या राज्याचे तीन तुकडे झाले होते. माझे वडील, एकनाथराव, महसूल खात्यात होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. ते म्हणायचे, "रात्री हैदराबाद राज्यात झोपलो, सकाळी आंध्र प्रदेशात उठलो. उशी तेवढी तीच." सरकारी नोकरीतल्या प्रत्येक मराठी माणसापुढे एकच प्रश्न होता. इथे राहायचं, की मुंबई राज्यात, औरंगाबादेकडे जायचं? 'आम्ही राहणार' म्हणणारे गुपचूप सामान बांधत होते आणि 'आम्ही जाणार' म्हणणारे वशिला लावून थांबत होते. नानांनी मात्र राहायचं पक्कं केलं होतं. आमच्या चार पिढ्या याच शहरात गेल्या, नल्लकुंट्यातल्या या घराबाहेर आपल्याला झोप येणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

तर नाना हातात काठी घेऊन शेजारी जाब विचारायला गेले. गेले वाघासारखे आणि आले गाईसारखे.

"अगं सरोज, भला मुलगा आहे. दिगंबर नाव. परभणीकडचा. सरकारी कॉलेजात फिजिक्स शिकवतो. पद्मावतीअम्मांची मागची खोली घेतलीय त्यानं. दुर्बिणीचा आरसा स्वतः घासून केलाय, बोल!"

"आणि माझ्याकडे बघत होता ते?"

"आरसा नळीच्या तळाशी असतो. उजेड त्याच्यावरून उलटा वर येतो, वर एक छोटा तिरपा आरसा त्याला बाजूला वळवतो. म्हणून बघणाऱ्यानं बाजूनं बघायचं. तोंड आपल्याकडे, नजर आभाळात."

"असं तो म्हणाला," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी नाना मला घेऊनच गेले. उजेडात पाहिला तर माणूस काही वाईट नव्हता. किडकिडीत, हसताना आधी खाली बघणारा, नखांत आरसा घासायची लाल पूड अडकलेली. पण चांगलं दिसणाऱ्यांवर तर जास्तच नजर ठेवावी, असं माझं मत.

"कालची काच तुमच्या बत्तीनं गेली," तो म्हणाला.

"कसली काच?"

"फोटोची. देवयानीतली दीर्घिका आहे ना... म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी, फार लांबची. तिचा फोटो अर्धा अर्धा तास घ्यावा लागतो. तेवढ्यात आभाळ सरकतं. म्हणून शेजारचा एक तारा या फुलीवर धरायचा आणि हा स्क्रू हळूहळू फिरवत राहायचं." त्यानं मला बाजूच्या नळीतून बघायला लावलं. आत दोन बारीक धाग्यांची फुली होती. "कोळ्याच्या जाळ्यातला धागा आहे. नजर ढळली की तारा सुटला. तारा सुटला की काच वाया."

"म्हणजे अर्धा तास हलायचं नाही?"

"हलायचं नाही, बोलायचं नाही."

"मग काल ओरडलात कशाला?"

तो हसला... आधी खाली बघून. आणि मला उगीचच वाटलं, की याला ओरडायला मी पुन्हा लावणार.

मग रोजचंच झालं. चंद्र उशिरा उगवायचा ते दिवस, थंडीही बेताची. दिवेलागणीनंतर नाना खुर्ची घेऊन त्याच्या परसात बसायचे आणि मी आमच्या परसात दोरीवरचे कपडे काढायची. कपडे तरी किती असतात? पण माझी घडी काही नीट बसायची नाही... पुन्हा झटकायची, पुन्हा घालायची. भिंत कमरेएवढी. काम संपलं की तो भिंतीशी येई.

"दिसली का तुमची देवयानी?" मी विचारी.

"आली होती. नीट उभी राहिली नाही."

"बायकांना असं तासभर उभं करतात का कुणी?"

"तुम्ही तर रोज राहता की."

"मी कपड्यांसाठी राहते!"

"हौ, कपड्यांसाठीच," तो गंभीरपणे म्हणे. मी तावातावानं आत निघून जाई आणि स्वयंपाकघरात गेल्यावर हसत सुटे.

पण त्याच्या काचा मात्र सगळ्या बिघडत होत्या. एक त्यानं मला उन्हात धरून दाखवली. तिच्यावर आभाळ पांढरं आणि तारे काळे. मधोमध दीर्घिका, काजळाचं बोट पुसावं तशी. आणि प्रत्येक ताऱ्याला शेपूट, डबक्यातल्या बेडकाच्या पिल्लांसारखं. "स्क्रू ढिला झालाय," तो म्हणाला. नानांनी मान डोलावली. मी नाही डोलावली. हाताने आरसा घासणाऱ्याला एक स्क्रू आवळता येऊ नये?

त्यातच नानांनी ती बातमी आणली. "दिगंबरला औरंगाबादच्या कॉलेजात जागा मिळतेय. जायचं की नाही, सोमवारी कळवायचंय. आई परभणीला एकटीच आहे म्हणे. जाईलच तो."

मला तो आवडत होता. सरळ सांगायचं तर फार आवडत होता, आणि म्हणूनच त्याच्या शब्दाशब्दाचा संशय येत होता. जाणाऱ्या माणसाला भिंतीवरून चार गोड शब्द बोलायला काय जातं? त्याची नजर खरोखरच आभाळात असली तर? मग मी कुठल्या तोंडानं म्हणू, की जाऊ नका?

शनिवारी सकाळी चहा पिता पिता नाना म्हणाले, "बिचाऱ्याच्या इतक्या काचा वाया गेल्या. एक गुरुवारची तेवढी निघाली बघ. काय सुरेख! एकेक तारा मोहरीसारखा गोल."

"गुरुवारी स्क्रू आवळला होता का?"

"छे! तोच ढिला स्क्रू. नशीब, दुसरं काय."

मी कप खाली ठेवला. गुरुवारी संध्याकाळी मी घरी नव्हते. हिमायतनगरला इंदुताईमावशीकडे केळवणाला गेले होते!

तरीही खात्री केल्याशिवाय विश्वास ठेवेन तर मी कसली सरोज? त्या संध्याकाळी दोरीवर आईची दोन लुगडी वाळत होती. दिवा न लावता मी त्यांच्यामागे जाऊन उभी राहिले. डोळे अंधाराला सरावले. पलीकडे तो स्टुलावर, डोळा बाजूच्या नळीला, बोटं स्क्रूवर. नाना त्या दिवशी घरातच होते. बराच वेळ तो हलला नाही. आणि मग त्यानं मान उचलली. आमच्या मागच्या दाराकडे बघितलं. पुन्हा डोळा लावला. पुन्हा मान उचलली.

"तारा सुटला की काय?" मी लुगडं बाजूला केलं.

तो स्टुलावरून पडता पडता वाचला. "तुम्ही... केव्हापासून?"

"स्क्रू ढिला आहे ना?"

"नाही." तो खाली बघत होता, पण या वेळी हसत नव्हता. "स्क्रू चांगला आहे."

"मग तोंड दुसरीकडे करून उभं राहता येत नव्हतं?"

"येतं. या दोन पट्ट्या सैल केल्या की नळी फिरते. पद्मावतीअम्मांच्या गोठ्याकडे तोंड करून बघता आलं असतं... मी केल्या नाहीत."

म्हणजे माझा पहिल्या दिवसापासूनचा संशय खरा होता! इतका आनंद मला परीक्षेत पहिली येऊनही झाला नव्हता. डोळे भरून आले ते अंधारात दिसले नाहीत, हे बरंच झालं.

"सरोज," तो भिंतीशी येऊन म्हणाला, "मी सोमवारी सांगतो, इथेच राहतो म्हणून."

"आणि आई?"

तो भिंतीचा पोपडा नखानं खरवडू लागला.

"आज राहाल. आणि पुढं तिकडे आई आजारी पडली, की माझ्याकडे बघाल... बोलणार नाही, नुसते बघाल. तुमचं बघणं मला माहीत आहे."

"मग मी काय करू?"

"ते मी बघते. तुम्ही तारा बघा."

मी तशीच आत गेले. नाना झोपाळ्यावर पेपर वाचत होते. थांबले असते तर धीर सुटला असता, म्हणून उंबऱ्यातूनच बोलले.

"नाना, तुमचं इथे राहायचं ठरलंय ना? मग माझं औरंगाबादचं ठरवा."

पेपर खाली आला. नाना माझ्याकडे बघत राहिले, मग मागच्या दाराकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"त्यानं विचारलं तुला?"

"तो विचारेपर्यंत सोमवार उलटेल. मीच सांगतेय."

नानांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून आईला हाक मारली.

"अगं, ऐकलंस का? परभणीत आपल्या ओळखीचं कोण आहे गं? जरा चौकशी करायची होती."