वजनकाट्यावरचं घर

"बाईसाहेब, तुमचं घर आमच्या वजनकाट्यावर चढतंय."

हे त्याचं माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य. आता तुम्हीच सांगा, यात प्रेमात पडण्यासारखं काय आहे? काहीच नाही. आणि तरीही… जाऊ दे, नीट पहिल्यापासून सांगते.

आमचा धंदा म्हणजे दुसऱ्यांचा गहू कापून देणं. शाळेला सुट्टी लागली की बाबा कापणीची दोन कंबाईन यंत्रं आणि गड्यांची टोळी घेऊन टेक्सासला उतरतात, आणि मग गहू जसजसा पिकत जाईल तसतसे आम्ही उत्तरेकडे सरकत राहतो. कंबाईन पुढे, आई धान्याच्या ट्रकवर, आणि सगळ्यांत शेवटी आमचं फिरतं घर. ते मागे आकड्याला लटकवायच्या जातीतलं नव्हे हं – फिफ्थ-व्हील! त्याचं लांब नाक पिकअपच्या हौद्यात, बरोबर मागच्या आसावर टेकतं. चूल, पलंग, आईची लोणच्याची बरणी, सगळ्या टोळीचा स्वयंपाक… सगळा भार पिकअपच्या पाठीवर. आणि या वर्षी तो पिकअप चालवणार होते मी. ब्रिन काडलेत्स, वय सतरा. या उन्हाळ्याची मी किती वर्षं वाट बघितली होती ते माझं मलाच ठाऊक.

तर कॅन्ससच्या त्या गावात आईच्या ट्रकमागोमाग, निव्वळ सवयीने, मीही धान्यकोठाराच्या रांगेत शिरले. पिकअप काट्यावर चढला, घराची चाकं अजून मागे रस्त्यावरच होती, आणि खालून जळका वास आला. गिअरबॉक्सने मान टाकली. मागे गव्हाने भरलेले ट्रक ताटकळत उभे.

आणि तो आला. कानामागे पेन्सिल, अंगभर गव्हाचा भुसा. टुणकन माझ्या दाराखालच्या पायरीवर चढला आणि खिडकीत डोकं घालून वर सांगितलं ते वाक्य बोलला.

"चढत नाहीये," मी म्हटलं, "बंद पडलंय."

"मग निदान वजन तरी करून घेतो. फुकट आहे." समोरच्या मोठ्या पाटीवर लाल आकडे लुकलुकत होते. त्याने शीळ घातली. "बापरे. काय भरलंय आत?"

"मुलीला तिच्या घराचं वजन विचारत नसतात."

"विचारलं कुठे? वाचलं."

त्याचे डोळे करडे होते. म्हणजे… हिरवट करडे. हे मी मुद्दाम बघितलं नव्हतं, दिसलं.

त्याचं नाव वेस्टन उनरू. माझ्याच वयाचा, उन्हाळ्यात काट्यावर काम करणारा. नंतर घर सोडवून, ट्रॅक्टरने ओढून त्याने एकटा पिकअपही तोलला, आणि दोन आकड्यांची वजाबाकी करून बाबांना सांगितलं, "घराचं नाक पाठीवर एवढा भार टाकतं. नवा पिकअप घेताना हे लक्षात ठेवा, मिस्टर काडलेत्स. किती ओढतो ते सगळेच सांगतात. किती पेलतो ते विचारा."

बाबा खूश. मला म्हणाले, "सकाळी दव वाळेपर्यंत गहू कापता येत नाही. तेवढ्या वेळात या पोराला घे आणि गाड्या बघून या. इथली शेतं संपायच्या आत मिळाली तर ठीक. नाही मिळाली तर घर इथंच कोठारामागे लावायचं. तू आणि आई थांबा घरापाशी, ट्रकला मी ड्रायव्हर बघतो. आम्ही डकोटात मोटेलात झोपू."

म्हणजे गाडी मिळाली तर माझा उन्हाळा. नाही मिळाली तर… हे कोठार, हा काटा, आणि तो.

पहिल्या दिवशी मला हे गणित अगदी सोपं वाटलं होतं. मला गाडी हवी होती. बस्स.

पहिला पिकअप लालचुटुक होता. विकणारा माणूस इतकं गोड बोलत होता, की मी खिशातली किल्लीच काढून देणार होते, ती सुद्धा आमच्या मेलेल्या गाडीची. वेस्टनने ड्रायव्हरचं दार उघडलं आणि गाडी पाठीवर किती पेलते ते लिहिलेला, चौकटीवरचा पिवळा कागद दाखवला.

"ओढेल," तो म्हणाला. "पण पाठीवर घेणार नाही. तुमच्या घराने नाक टेकवलं की हा बसेल, कुत्रं बसतं तसा. पुढची चाकं हलकी, स्टिअरिंग नावापुरतं. उतारावर तू काय करशील?"

"किंचाळेन."

"ते ब्रेकच्या कामाचं नाही."

दुसरा दणकट होता, डिझेलचा. कागदावरचा आकडाही बरा होता. मी उडी मारून आत बसले सुद्धा. वेस्टन मागे हौद्यात पावलं टाकत चालला आणि तिथूनच ओरडला, "हौदा आखूड आहे. पहिल्या काटकोनी वळणाला तुझ्या घराचा कोपरा मागची काच फोडून आत येईल. आईचं स्वयंपाकघर थेट तुझ्या मानेवर."

"सरकती जोडणी असते ना, वळताना मागे नेता येते…"

"असते. थांबायचं, उतरायचं, सरकवायची, मग वळायचं. तू उतरशील?"

उतरले नसते. मी तशी नाहीच. पण हे याला चार दिवसांत कसं कळलं?

परत येताना मी खिडकीबाहेर बघत होते, तो रस्त्याकडे बघत होता, आणि मधल्या सीटवर माझी टोपी आणि त्याची टोपी एकमेकींना लागून पडल्या होत्या. मला तेवढ्यानेही कसंतरीच झालं.

तिसरा पिकअप घोडे पाळणाऱ्या मिसेस लोवेन यांचा. लांब हौदा, मागे स्प्रिंगचे जाड पाटे, जोडणी आधीच बसवलेली. मला वाटलं, झालं. वेस्टनने कागद वाचला, पेन्सिलीने तळहातावर आकडे मांडले, पुसले, परत मांडले. आणि मान हलवली.

"थोडक्यात हुकतंय. शे-सव्वाशे पौंडांनी."

"एवढंसं?"

"एवढंसंच. पण हुकतंय."

त्या संध्याकाळी शेताच्या कडेला आमच्या ट्रकच्या फाळक्यावर बसून आम्ही कोबी-खिमा भरलेले बिरॉक खात होतो. आई मुद्दाम लांब जाऊन बसली होती. तिकडे कंबाईनचा धुरळा सोनेरी झाला होता. बाबांनी दुपारीच सांगून टाकलं होतं: घर इथंच राहणार.

"एक विचारू?" मी म्हटलं. "तू… मुद्दाम नाही म्हणतोस का? प्रत्येक गाडीला?"

तो चावायचा थांबला. "तुला काय वाटतं?"

"मुद्दाम म्हणत असशील तर मी तुझ्याशी जन्मात बोलणार नाही."

"आणि नसेन म्हणत तर?"

"तर… जरा वाईट वाटेल."

"म्हणजे दोन्हीकडून मीच मेलो."

मी हसले, मग रडूच यायला लागलं, मग मलाच माझा राग आला. मी राहणार म्हणून मला आनंद झाला होता. मी जाणार नाही म्हणून दुःख झालं होतं. दोन्ही एकाच पोटात, त्याच बिरॉकशेजारी. असं होतं का कुणाला? आईला विचारलं तर ती म्हणाली, "खा आधी."

दुसऱ्या दिवशी सकाळी दव वाळायच्या आत तो आमच्या दारात उभा. चेहरा असा, जणू कुणाची गाय मेली आहे.

"मिस्टर काडलेत्स, तुमच्या घराचं वजन मी चुकीचं सांगितलं."

बाबांनी कॉफीचा मग खाली ठेवला.

"पहिल्यांदा तोललं तेव्हा…" त्याने माझ्याकडे बघितलं नाही. "तेव्हा मी हिच्या दाराच्या पायरीवर उभा होतो. पाटी तिथूनच वाचली. दुसऱ्यांदा तोलताना खाली उतरलो होतो. म्हणजे त्या नाकाच्या भारात… मी होतो."

आईने ओठ दाबले.

"तुझं वजन किती?" बाबांनी विचारलं.

"एकशे सत्तर पौंड. म्हणजे मिसेस लोवेन यांची गाडी चालेल, सर. पण माझ्या शब्दावर नका जाऊ. काट्यावर आणा."

आणि तो निघून गेला. मला इतका राग आला… तो बोललाच नसता तर कुणाला कळलं असतं? कुणालाच नाही. मग वाटलं, त्याला कळलं असतं. उतारावर माझी काळजी करणारा मुलगा हा, आणि मला घालवणाराही हाच. मी काय समजायचं?

दुपारी, इथलं शेवटचं शेत उरकल्यावर, मिसेस लोवेन यांचा पिकअप जोडून मी काट्यावर चढले. पिकअप वर, घराची चाकं खाली. पश्चिमेला काळा ढग उभा राहिला होता, आणि माझ्यामागे गव्हाचे ट्रक, त्यांत सगळ्यांत पुढे म्हातारे मिस्टर श्राग. बाबा आणि आई बाजूला उभे. वेस्टन काचेच्या खोलीत.

कर्णा खरखरला. "ब्रिन, उतरू नकोस. तुझंही वजन धरायचंय. मीही बाहेर येत नाही."

मी मान हलवली.

"आकडा स्थिर व्हायला जरा वेळ लागतो," कर्णा म्हणाला. मग नुसतीच खरखर. मग, "ब्रिन, मी काल रात्री ठरवलं होतं, की सांगायचं नाही. सकाळी उठलो आणि जमलं नाही."

हे सगळ्या रांगेला ऐकू जात होतं. बाबांनी टोपी काढून परत घातली.

"वेस्टन, बटण बंद कर," आई म्हणाली. पण तिला कर्णा कुठे होता?

"मुद्दाम नाही म्हणत नव्हतो मी. एकदाही नाही. पण प्रत्येक वेळी नाही निघालं की मला बरं वाटायचं. मला तू खूप… आवडतेस. हां. आकडा आला. बसतंय. हातचं राखून बसतंय. तू जाऊ शकतेस."

मागून मिस्टर श्राग यांनी खिडकीतून डोकं काढलं. "पोरी, काय असेल ते बोलून टाक. ढग बघ, माझा गहू भिजेल."

बोलणार कशात? मी दार उघडलं आणि उतरले. पाटीवरचे लाल आकडे माझ्याएवढे खाली घसरले. काट्यावरून चालत त्याच्या खिडकीशी गेले आणि सरकती काच बाजूला केली.

"मी जाणार आहे," मी म्हटलं. "आणि मला तू आवडतोस. दोन्ही खरं आहे. याचं काय करायचं ते मला अजिबात कळत नाहीये."

"मलाही नाही," तो म्हणाला. कान लाल. "परतताना याच रस्त्याने याल?"

"नाही. मोंटानाहून सरळ नेब्रास्काला, घरी. हे गाव वाटेत येत नाही."

"बरं."

"वाटेत येत नाही म्हणाले. येणार नाही कुठे म्हणाले?"

त्याला ते कळायला जरा वेळ लागला. मग तो हसला, आणि काचेच्या फटीतून त्याने हात बाहेर काढला. मी धरला. भुशाने खरखरीत झालेला, गरम हात. मिस्टर श्राग यांनी भोंगा वाजवला तेव्हा सोडला.

गावाबाहेरचं ते काटकोनी वळण मी एकटीने घेतलं. घर मागून हळूच, नीट, कोपरा न लावता आलं. पहिले टपोरे थेंब काचेवर पडले. पुढच्या ट्रकमधून आईचा आवाज वायरलेसवर आला, "ब्रिन, ठीक आहेस ना?"

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि हसू काही आवरेना.