शंभर थेंबांतले पाच

पृथ्वीवर एखाद्या मुलीला 'तुझा चेहरा चंद्रासारखा आहे' असं म्हटलं तर ती खूश होते म्हणे. विवरवाडीत असं कुणी म्हटलं तर भांडण होतं. कारण विवरवाडी चंद्रावरच आहे, एका मोठ्या विवराच्या (उल्का आदळून पडलेल्या खड्ड्याच्या) काठाशी. तिथल्या कुठल्याही खिडकीतून बाहेर डोकावलं की चंद्राचा चेहरा खरा कसा असतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. जिकडे बघावं तिकडे खड्डे.

यामिनी ठोंबरेला वर्गातली मुलं 'धाकटा चंद्र' म्हणायला लागली तेव्हा ती तेरा वर्षांची होती. तिच्या कपाळावर, गालांवर आणि हनुवटीवर लाल पुटकुळ्या उठल्या होत्या. एक बसली की शेजारी दुसरी तयार. सगळे म्हणत, ही चांद्रधूळ, हवाबंद दारांतूनही शिरते मेली. म्हणून यामिनी दिवसातून सात-आठ वेळा तोंड धुवायची. विवरवाडीत पाणी मापून मिळतं. ती पिण्याच्या वाट्यातलंसुद्धा तोंडाला लावायची आणि घसा कोरडा ठेवून हिंडायची. तरी पुटकुळ्या वाढतच होत्या. इतकं धुऊनही त्या येत होत्या कुठून? हे कोडं काही सुटेना. शेवटी तिने न्हाणीघरातल्या आरशावर टॉवेल टाकून दिला.

एरवी हे दुःख तिने कसंबसं गिळलं असतं. पण महिन्याभराने तिचे बाबा, मुकुंद ठोंबरे, एका लघुग्रहावर (सूर्याभोवती फिरणाऱ्या लहानशा खडकाळ गोलावर) बर्फ शोधायला निघणार होते. परत यायला पाच वर्षं. विवरवाडीची एक रीत आहे. लांब जाणाऱ्या माणसाला घरातलं धाकटं माणूस औक्षण करतं, लगेच दोघांचा एक फोटो काढतात आणि तो कागदावर छापून जहाजातल्या बिछान्याशेजारी लावतात. पडद्यावर हजार फोटो बघता येतात, पण डोळे उघडल्यावर पहिला दिसतो तो हा. पाच वर्षं बाबा रोज सकाळी माझ्या पुटकुळ्या बघणार, या विचाराने यामिनीला जेवण जाईना.

शेवटी ती मोघेकाकांकडे गेली. मोघेकाका म्हणजे वनस्पतिघरातला यंत्रमानव. त्याच्या पाठीवर त्याला जुळवणाऱ्या अभियंत्याचं आडनाव कोरलेलं होतं, तेच पोरांनी त्याला देऊन टाकलं. औषधी झाडं सांभाळणं आणि किरकोळ दुखण्यांवर उपाय सांगणं हे त्याचं काम. गोड बोलणं मात्र कुणी त्याच्यात घालायचंच विसरलं होतं.

मोघेकाकांनी बोटाच्या टोकावरचं भिंग यामिनीच्या गालाला लावलं आणि गाल पडद्यावर मोठा करून दाखवला. धुळीचा कणही नव्हता. धूळ बाहेरून येते, हे आतून आलं आहे, असं सांगून त्यांनी समजवायला सुरुवात केली. त्वचेवर लाखो रोमछिद्रं (केस उगवतात ती बारीक भोकं) असतात. प्रत्येकाला लागून तैलग्रंथी (त्वचेचं तेल तयार करणारी इवलीशी पिशवी) असते. या तेलामुळे त्वचा मऊ राहते. पण मूल मोठं व्हायला लागलं की त्याच्या रक्तात नवी संप्रेरकं (एका अवयवाचा निरोप दुसऱ्याकडे नेणारी रसायनं) येतात, आणि ती तैलग्रंथींना सांगतात, आणखी तेल करा. जास्तीचं तेल आणि त्वचेच्या मेलेल्या पेशी मिळून छिद्राच्या तोंडाशी बूच बसतं. आत तेल साठतं. सगळ्यांच्याच त्वचेवर राहणारे काही जिवाणू त्या कोंडलेल्या तेलावर पोसतात आणि वाढतात. शरीर त्यांच्याशी लढायला पेशी पाठवतं, जागा सुजते, लाल होते. झाली पुटकुळी. आणि सारखं खसाखसा धुतल्याने ती जात तर नाहीच, उलट त्वचा कोरडी पडून चिडते.

मग त्यांनी तिला कोपऱ्यातल्या एका झाडाचं बारीक पान चुरगाळायला दिलं. कापरासारखा वास नाकात चढला. टी ट्री नावाचं हे झाड मूळचं ऑस्ट्रेलियातलं. नावात चहा असला तरी चहाच्या झुडपाशी त्याचं काही नातं नाही. झाडाला शत्रू आला म्हणून पळून जाता येत नाही, त्यामुळे ते पानांतच तेल साठवून बुरशी आणि किडे यांना लांब ठेवतं. ऊर्ध्वपातन करून (पानांतून वाफ सोडून, ती गार करून) हे तेल वेगळं काढतात. जिवाणूभोवती एक पातळ पटल असतं. हे तेल त्या पटलात शिरून त्याला गळकं करतं, आणि जिवाणू मरतो. मोघेकाकांनी पंच्याण्णव थेंब लेपात पाच थेंब तेल मिसळलं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस बघ, आग झाली नाही तरच पुटकुळ्यांवर हलक्या हाताने लाव, डोळ्यांजवळ नेऊ नको आणि पोटात तर मुळीच जाऊ देऊ नको, असंही बजावलं.

"किती दिवसांत जाईल?" यामिनीने विचारलं.

"थोडा फरक महिन्या-दीड महिन्याने दिसेल. नीट फरक तीन महिन्यांनी."

"बाबा त्याआधीच जाणार आहेत."

"मग फोटोत पुटकुळ्या असतील," मोघेकाका म्हणाले.

दुसरं कुणी असतं तर 'होईल गं सगळं छान' म्हणालं असतं. यामिनीला तेवढं एक खोटं हवं होतं. ते तिला मिळालं नाही.

दोन आठवडे तिने लेप लावला. काही फरक पडला नाही, उलट नाकावर आणखी दोन उगवल्या. आणि मग तिने जे केलं ते ठोंबऱ्यांच्याच घरात होऊ शकतं. त्या घरात तेल बोटाने लावत नसत, चोपडत असत. रविवारी आई तिच्या टाळूवर तेल थापायची, दिवाळीत बाबा पाठ लाल होईपर्यंत तेल जिरवायचे, आणि जितकं तेल जास्त तितकी माया जास्त असा त्या घराचा हिशेब होता. तेलाने कुणाचं वाईट होतं हे यामिनीने कधी ऐकलंच नव्हतं. शंभरातले पाच थेंब मोघेकाकांनी कंजूषपणाने दिले असणार, अशी तिची खात्री झाली. तिने वनस्पतिघरातून कुणाला न विचारता निव्वळ तेलाची कुपी आणली, अभ्यंगाला लावतात तसं ते सगळ्या तोंडाला चोळलं, जिरवलं आणि झोपली.

सकाळी तिला डोळे उघडता येईनात. चेहरा लालभडक होऊन सुजला होता आणि गालांची साल निघत होती. आई तिला तशीच हाताला धरून मोघेकाकांकडे घेऊन गेली.

त्यांनी चेहरा गार पाण्याने धुतला, साधं मलम लावलं आणि चार दिवसांनंतर असलेल्या औक्षणाआधी सूज उतरेल, पण लाली आणि सालपटं राहतील, असं सांगितलं. रागावले नाहीत. जे पटल जिवाणूला असतं तसंच आपल्या त्वचेच्या पेशींनाही असतं, एवढंच म्हणाले. पाच थेंब जिवाणूला भारी पडतात आणि त्वचा ते सोसते. शंभर थेंबांपुढे दोघांचंही काही चालत नाही.

"आणि आणखी एक," ते म्हणाले. "आज वर आलेली पुटकुळी आत कित्येक आठवड्यांपूर्वीच सुरू झालेली असते. आरशात तुला दिसतो तो मागचा चेहरा. आज लावलेल्या औषधाचा चेहरा अजून यायचा आहे."

"म्हणजे मी आता काहीही केलं तरी उपयोग नाही."

"फोटोपुरता नाही."

यामिनी घरी जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. औक्षण करणार नाही, फोटो काढणार नाही, असं तिने सांगून टाकलं. आईने समजावलं, रागावली, मग नुसतीच शेजारी बसून राहिली. बाबांच्या बिछान्याशेजारची जागा पाच वर्षं रिकामी राहणार हे यामिनीला कळत होतं. ते कळत असूनही तिला उठवत नव्हतं, याचंच तिला जास्त रडू येत होतं.

निघायच्या दिवशी सकाळी बाबा तिच्या दाराबाहेर येऊन उभे राहिले.

"फोटो नको तर नको," ते म्हणाले. "पण एकदा दार उघड. हसायचं असेल तर इथेच हसून घे, तिकडे सगळ्यांसमोर नको."

यामिनीने दार थोडंसं उघडलं. समोर कुणीतरी परकाच माणूस उभा होता. बाबांची दाट दाढी गेली होती. चंद्रावर येताना लागत नाही, पण लघुग्रहाच्या जहाजातून निघताना प्राणवायूचा मुखवटा लावावा लागतो, आणि दाढीवर तो घट्ट बसत नाही, म्हणून ती काढावीच लागते. आणि दाढीखालचे दोन्ही गाल, पार जबड्यापर्यंत, खोल खड्ड्यांनी भरले होते.

इचलकरंजीत शाळेत असताना आपल्यालाही अशाच पुटकुळ्या होत्या, आपण त्या नखांनी फोडत बसायचो, बाबा सांगू लागले. फोडल्याने जखम आत खोल जाते आणि खड्डा राहतो, हे तेव्हा कुणी सांगितलं नाही. दाढी फुटल्याबरोबर ती वाढवली ती आजपर्यंत. आईनेसुद्धा हे गाल आज पहिल्यांदा पाहिले होते. बोलताना त्यांचा हात सारखा गालाकडे जात होता.

"तिथे सगळी वाडी जमली आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "तू नसलीस तर मी एकटाच असा उभा राहू का?"

यामिनीने तोंडावरून ओला हात फिरवला आणि त्यांच्याबरोबर चालू लागली.

विवरवाडीत ज्योत पेटवायला बंदी आहे, म्हणून ताम्हनात विजेचं निरांजन होतं. यामिनीने बाबांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि ओवाळलं. वर्गातली मुलं पुढेच उभी होती. त्यांतलं कुणी हसलं की नाही ते तिने पाहिलं नाही, तिला बाबांचे गाल दिसत होते. फोटो निघाला. एक चेहरा लाल, सोललेला, दुसरा खड्ड्यांचा, आणि हसू दोघांच्याही तोंडावर नाही. तासाभराने जहाज निघून गेलं.

त्यानंतरचे दिवस वाईट होते. जेवायच्या टेबलावर एक खुर्ची जास्त झाली. त्वचा भरून आल्यावर यामिनीने पुन्हा लेप सुरू केला, शंभरातले पाच, हलक्या हाताने, आणि नखं मुळापर्यंत कापून टाकली. आशा होती म्हणून नव्हे. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

बाबांचं जहाज लांब जात होतं तसे त्यांचे निरोप उशिरा पोचायला लागले. आधी काही सेकंद, मग काही मिनिटं. पडद्यावरचे बाबा आत्ताचे नाहीत, मघाचे आहेत, हे एक दिवस यामिनीच्या लक्षात आलं, आणि मोघेकाकांनी सांगितलेलं तिला तेव्हा नीट कळलं. तिने जाऊन आरशावरचा टॉवेल काढला. गालांवर लाल डाग होते. हनुवटीवर तीन पुटकुळ्या होत्या. कपाळावर एकही नवी नव्हती, आणि खड्डा कुठेच पडलेला नव्हता.

बाबा गेल्यापासून ती नुसता आवाज पाठवत असे. त्या दिवशी तिने पहिल्यांदा चेहरा पाठवला.

"बाबा, हा पोचेपर्यंत जुना झालेला असेल," ती म्हणाली. "पुढचा तयार होतोय."

उत्तर बऱ्याच वेळाने आलं. बिछान्याशेजारी तो फोटो लावलेला दिसत होता. जहाजाच्या आत मुखवटा लागत नाही, तिथे बाकी सगळ्यांच्या दाढ्या वाढल्या होत्या. बाबांनी मात्र गुळगुळीत दाढी केली होती, आणि गालांवरचे सगळे खड्डे उघडे दिसत होते.