झटका आणि ताव

पावणं, आत्ताच सांगून ठेवतो, हे तुम्हाला पटणार न्हाय. पटलं तर माझा फेटा तुमचा! साखरपुड्याला हुपरीहून आलाय, तर ऐकूनच जावा. तुमची शिवलीला, चांदीकाम करणाऱ्याची लेक, आज पोलादाची नाडी बघते. तिनं प्रयोगशाळेत हवेची बंदूक उडवली, की रंकाळ्यातल्या म्हशी दचकून उभ्या राहतात!

आणि माझा नातू विश्वजित म्हणजे शिवाजी पेठेचा गोलकीपर. आपल्या फौंड्रीतल्या पोलादाचा तुकडा तपासून घ्यायला तिच्याकडं गेला. दारात पाऊल टाकतोय, तोवर धाडकन् आवाज! गड्यानं सवयीनं आडवी झेप घेतली... ती थेट तिच्या पायाशी.

"गोल झाला की!" ती म्हणाली. कानातली चांदीची फुलं हसून हसून हलत होती.

"कसला... कसला आवाज हुता?"

"धातूला जाब विचारत हुते. हळू दाबला तर मुकाट वाकतो. एकदम हाणला तर आत सरकायला सवडच मिळत न्हाय – मग अडतो. आणि दबला तरी आधीपेक्षा टणक होऊन बसतो."

"मग... मऊ कसा करायचा?"

"आमच्या हुपरीत चांदी ठोकून ताठली, की ताव देतात. जरा धग लागली, की येती वळणावर."

झालं! त्यानंतर पठ्ठ्यानं एवढे तुकडे नेले, की फौंड्रीत ओतायला पोलाद उरलं न्हाय. तुकडा द्यायचा, तिच्याकडं बघायचं, परत यायचं.

एक दिवस तिनं त्याचा तुकडा बंदुकीपुढच्या दोन लांब दांड्यांच्या मध्ये बसवला आणि मान वर न करता म्हणाली, "रविवारी सांगलीचं स्थळ येतंय मला बघायला. तुमचं काय म्हणणं हाय?"

एकदम! विश्वजित जागच्या जागी कडक.

"बघा," ती म्हणाली, "ह्यो नमुनाबी अडला." आवाज हसरा होता... पण बंदुकीचं बटण दाबायचं ती विसरली होती. आज हा बोलला न्हाय, तर रविवारी सांगलीकर बोलणार होते.

मग हळूच – "चला. ताव द्यायला पायजे."

कोपऱ्यावरची टपरी. आल्याचा वास, स्टोव्हची धग. तिनं गरम ग्लास त्याच्या हातात दिला आणि आपली बोटं... तशीच राहू दिली.

आणि पावणं, छाती फुगते सांगताना! शिवाजी पेठेचं रक्त ते! पहिला घोटही न घेता माझा नातू अख्ख्या टपरीला ऐकू जाईल असं गरजला, "शिवलीला, माझ्याशी लगीन करशील?"

"आज्जा, खोटं!" पाटावरनं नवरीच ओरडली. "विचारलं मी! ह्ये नुसतं 'व्हय' म्हणालं... त्येबी चहा गार झाल्यावर!"