वडगावची लढाई आणि मीनाक्षीमावशीची गाडी

"ताजमहाल?" अनया एवढ्या जोरात ओरडली की लायब्ररीतली झाडून सगळी मंडळी वळून बघायला लागली. "काका, सतराशे एकोणऐंशी साली ताजमहालाचं काय चाललं होतं?"

"काय चालायचंय? उभा होता!" शैलेंद्रकाका म्हणाले. काका म्हणजे मराठी मंडळाचे अध्यक्ष. घरातल्या शोकेसमधला संगमरवरी ताजमहाल त्यांनी टेबलावर ठेवूनसुद्धा टाकला होता. "अगं, इंडिया म्हणजे ताजमहाल. इथे कोण बघतंय एवढं?"

अनयाच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला!

जुलै २००४. शाळांना सुट्टी. अमेरिकेतल्या वेस्ट विंडसर गावच्या या लायब्ररीत आज अकरा वाजता एक प्रदर्शन उघडायचं होतं. अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, सव्वादोनशे वर्षांपूर्वी, त्या एका सालात जगात काय काय घडलं याचं. शाळेत हा विषय निघाला तेव्हा भारताचं नाव येताच मागून कुणीतरी म्हणालं होतं, "तिकडे? नथिंग, आय गेस." अनयाला ते असं झोंबलं की तिने तिथेच हात वर करून प्रदर्शनातलं एक टेबल मागून घेतलं. मग तिने, तिच्या वर्गातल्या अमेयने आणि त्याच्या धाकट्या भावाने, सिद्धेशने, गॅरेजमध्ये महिनाभर खपून वडगावच्या लढाईचा देखावा केला. दिवाळीच्या किल्ल्यासारखाच! गोणपाट, माती, वर हळिवाची हिरवळ, घाटातले मराठे स्वार, तळेगावचं तळंसुद्धा.

आणि आता तो देखावाच गायब!

"मी स्वतःच्या हातांनी, चादर घालून गाडीत ठेवला," काका छातीवर हात ठेवून म्हणाले. "सकाळी मंडळाचा नाश्ता झाला, देखावा घेऊन हॉलबाहेर आलो, गाडीचं मागचं दार उघडंच होतं. ठेवला की आत!"

"कुठल्या गाडीत?" अमेयने विचारलं.

"आपल्याच. ती चंदेरी व्हॅन. पुढे गणपती आहे बघ."

"काका! मंडळातल्या सगळ्यांकडे चंदेरी व्हॅन आहे. आणि सगळ्यांच्या गाडीत पुढे गणपती आहे!"

काका खिशातल्या किल्ल्या चाचपायला लागले.

अनयाला एका जागी उभं राहवेना. ती दाराशी जाई, पार्किंगमध्ये बघे, परत येई. घड्याळ काही थांबायला तयार नव्हतं.

"काका," सिद्धेश हुंगत म्हणाला, "तुमच्या हाताला पार कोपरापर्यंत फोडणीचा वास येतोय."

"पोहे खाल्ले ना रे सकाळी."

"कोपराने खाल्ले?"

अमेयने काकांचा हात ओढला. घड्याळाच्या पट्ट्यात एक हिरवं पान अडकलं होतं. त्याने ते चुरगळलं. "यार, हा तर कढीपत्ता!"

"पोह्यातलाच असेल," काका म्हणाले.

"पोह्यातला तळलेला असतो. हा कच्चा आहे!" अनयाचे डोळे चमकले. "गाडीत कढीपत्त्याची झाडं घेऊन कोण फिरतं?"

"मीनाक्षीमावशी!" तिघंही एकदम ओरडले.

मीनाक्षीमावशी रिटायर्ड डॉक्टर. पूर्वी पेशंट सांभाळायच्या, आता कढीपत्ता. दर उन्हाळ्यात रोपं वाटत हिंडायच्या. अनयाने काकांचा सेलफोन जवळजवळ हिसकावूनच घेतला.

"मावशी, आमचा देखावा तुमच्या गाडीत आहे!"

"काहीतरीच! माझ्या गाडीत फक्त रोपं आहेत. मी रूट वन हायवेवर आहे, एडिसनला पोचले की बघते. गाडी चालवताना मी बोलत नसते!" फोन कट.

"एडिसनला? एवढ्या लांब? संपलंच मग!" काका म्हणाले आणि ताजमहाल पुसायला लागले.

अनया रडायच्या बेतात होती. एवढी मेहनत, आणि आता सगळ्यांपुढे ताजमहाल! अमेय मात्र गालातल्या गालात हसत होता. "दे इकडे फोन. देखाव्यासाठी त्या नाही वळणार. पण..." त्याने नंबर लावला आणि घाबराघुबरा आवाज काढला. "मावशी, इथे लायब्ररीत कुणीतरी कढीपत्त्याची कुंडी थेट एसीच्या झोतात ठेवलीय! पानं काळी पडायला लागलीत!"

"एसीत? कढीपत्ता?" मावशींचा आवाज सगळ्यांना ऐकू आला. "कोण तो गाढव? हात लावू नका, पाणी घालू नका! आलेच मी!"

अकराला थोडा वेळ असताना चंदेरी व्हॅन करकचून ब्रेक लावत दाराशी थांबली. मावशी उतरल्या त्या पदर खोचूनच. "कुठाय कुंडी?"

"सॉरी मावशी, कुंडी नाहीये," अनया पुढे होऊन म्हणाली. "आधी मागचं दार उघडा, मग हवं तेवढं रागवा. प्लीज!"

मावशींनी दार उघडलं. रोपांच्या गर्दीत, चादरीखाली, अख्खा घाट बसला होता! एक डोंगर तेवढा तडकला होता.

"अगंबाई! रोपांना वारा लागावा म्हणून मी दार उघडं ठेवलेलं. मला वाटलं, ही चादर माझीच!"

मग काय पळापळ! काकांनी मुकाट्याने ताजमहाल उचलला. सिद्धेशने तडकलेल्या डोंगरावर ओली माती थापली. दारं उघडली तेव्हा अनयाच्या कोपरापर्यंत चिखल होता.

शेजारच्या टेबलावर न्यूयॉर्कजवळच्या एका किल्ल्याची प्रतिकृती होती. त्याच सालच्या जुलैमध्ये अमेरिकनांनी तो इंग्रजांकडून घेतला होता. तिथले उंच गोरे आजोबा वाकून तळं बघायला लागले. "पाण्यात तोफा कशा?"

"इंग्रज कंपनीची फौज पुण्यावर चालून आली होती," अनया इंग्रजीत सांगू लागली. "मराठ्यांनी तिला आत येऊ दिलं आणि पुढचं तळेगाव रिकामं करून जाळून टाकलं. दाणा नाही, गवत नाही! परत पळताना इंग्रजांनी आपल्या तोफा तळ्यात ढकलल्या. वडगावला मराठ्यांनी त्यांना घेरलं आणि शरण यायला लावलं. सतराशे एकोणऐंशी, जानेवारी."

आजोबा सरळ उभे राहिले. "म्हणजे जानेवारीत तुम्ही आणि जुलैत आम्ही? आणि हे मला आज कळतंय!" त्यांनी आपलं टेबल ओढून अनयाच्या टेबलाला चिकटवलं.

"मी पुण्याचा, आणि मलाही आजच कळतंय," शैलेंद्रकाका खालच्या आवाजात म्हणाले. "शाबास रे पोरांनो! तुम्ही नसतात तर मी मंडळाचं हसं करून घेतलं असतं."

मावशींनी अमेयचा कान पिळला. "खोटं बोललास ते मला मुळीच आवडलेलं नाही. पण डोकं आहे हो तुम्हाला, तिघांनाही!"

अनयाच्या डोळ्यांत पाणी आलं. ती मावशींकडे बघत राहिली. तेवढ्यात आजोबा आणखी चारपाच जणांना हाताला धरून घेऊन आले.

"माझ्याकडे काय बघतेस, पोरी?" मावशी म्हणाल्या. "लोक थांबलेत. सांग त्यांना!"

अनयाने बाहीने डोळे पुसले, घसा खाकरला आणि मुंबईहून फौज निघाली तिथपासून पुन्हा सांगायला सुरुवात केली.