हौदावरचा पत्रा

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्यासमोर घडली आहे, आणि त्यातलं निम्मं पाप माझं स्वतःचं आहे. कुणाला खोटं वाटलं तर त्यानं खुशाल हसावं.

साल १९८६, लोहाऱ्याजवळचं आमचं गाव. गावाचं नाव लिहीत नाही, या गोष्टीतली काही माणसं अजून आहेत.

मी उत्तरेश्वर. तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो आणि गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी होतो.

दुष्काळ होता. विहिरींनी तळ गाठला होता.

संस्थेच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत सिमेंटचा हौद होता. संध्याकाळचं दूध पहाटेच्या टेम्पोपर्यंत नासू नये म्हणून भरलेले कॅन रात्रभर त्या पाण्यात उभे करायचे. नवीन पाणी कुठून आणणार? तेच पाणी दोन-दोन महिने चालायचं. हिरवं, बुळबुळीत, वर सांडलेल्या दुधाचा पिवळा थर. नाक धरूनच आत जावं लागायचं.

आणि असलं पाणीसुद्धा लोक चोरून न्यायचे!

म्हणून कॅन ठेवले की हौदावर पत्रा ओढायचा आणि त्यावर फुटक्या जात्याचा दगड ठेवायचा. रोजचं काम. माझं काम.

पुढच्या पडवीत संस्थेचा टीव्ही होता. दर गुरुवारी दिवेलागणीनंतर त्यावर एक हिंदी मालिका लागायची. नाच-गाणं शिकवणाऱ्या शाळेची. मुली घुंगरं बांधून शिकायच्या, रुसायच्या, परीक्षा द्यायच्या. गावाला निम्मं कळायचं नाही, पण दूध घालून रिकाम्या चरव्या मांडीवर घेऊन सगळं गाव बसायचं.

बौद्ध वस्तीतल्या बायका-पोरी दाराबाहेर उभ्या राहून बघायच्या. त्यांना कुणी "येऊ नका" म्हणत नव्हतं. "या, बसा" असंही कुणी म्हणत नव्हतं. मीही नाही.

त्यांच्यात केशरबाईची दहा वर्षांची लेक होती, यशोधरा. पायाला शिरसाच्या वाळक्या शेंगा बांधून नाचायची. खुळखुळ खुळखुळ... रस्त्यानं आली की आधी आवाज यायचा.

त्या गुरुवारी मालिकेत नाचाची परीक्षा होती. पोरीला बाहेरून नीट दिसेना. मागच्या खोलीतून पडवीत उघडणारी एक जाळी होती, ती तिला ठाऊक होती. शेंगा सोडून ठेवून ती गुपचूप खोलीत शिरली.

हे सगळं मी नंतर जुळवलं.

मी घाईत आत गेलो. टीव्हीवर गाणं सुरू झालं होतं. माझी पावलं ऐकून ती घाबरली असणार. आपण दुधाजवळ दिसलो तर काय तमाशा होईल, हे दहा वर्षांच्या पोरीलाही माहीत होतं. ती हौदात उतरली आणि कॅनच्या मागं दडली.

मी वाकून पाहिलं नाही. पत्रा ओढला. दगड ठेवला. कुलूप लावलं आणि पुढच्या रांगेत जाऊन बसलो.

परीक्षा सुरू झाली. घुंगरं वाजायला लागली.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

"मास्तरीण छडी आपटतीया," कुणीतरी म्हणालं.

आमचे चेअरमन तात्याराव मान डोलवत म्हणाले, "वा! काय ताल हाय!"

मलाही छडीच वाटली. पण एकदा, फक्त एकदा, वाटलं की आवाज पाठीमागून येतोय. मी अर्धवट उठलो. तेवढ्यात निकाल लागायची वेळ झाली. मी परत बसलो.

थोड्या वेळानं ठकठक थांबली.

रात्री केशरबाई दोनदा माझ्या दारात आली. "उत्तरेश्वरभाऊ, आमची यशी दिसली का वो?" मी नाही म्हणालो. ती रात्रभर विहिरी बघत फिरली.

पहाटे मी खोली उघडली. पत्रा सरकवला...

एक कॅन आडवा झाला होता. सगळं दूध हौदात सांडून फाटलं होतं. पांढऱ्या गुठळ्या तरंगत होत्या. आणि त्या गुठळ्यांमध्ये केस.

पुढचं लिहवत नाही.

मी पहिलं काम काय केलं असेल? हाक मारली नाही. दगड उचलला आणि मागच्या दारानं ओढ्यात टाकून आलो. मग हाक मारली.

तात्याराव आले, बघितलं, धोतराचा सोगा नाकाला लावला. "दूध चोरायला शिरली आन् पडली. झाकली मूठ सव्वा लाखाची, उत्तरेश्वर." मग त्यांनी हौदातले बाकीचे अकरा कॅन फडक्यानं पुसून टेम्पोत चढवायला लावले. मी चढवले. त्या दुधाचा चहा कुठल्या शहरात कोण प्यालं असेल, देव जाणे. मला आजही दुधाचा वास सहन होत नाही. स्वतःचा तर त्याहून होत नाही.

वर्षभर केशरबाई दारोदार फिरली. तिचं एकच म्हणणं होतं. "माझी लेक चोर न्हवती. तिचा आवाज कुणी ऐकला का, येवढंच सांगा."

सगळ्यांनी कानांवर हात ठेवले.

पुढच्या उन्हाळ्यात एका रविवारी भर दुपारी टीव्हीवर सांगितलं की त्या मालिकेचा जुना भाग पुन्हा दाखवणार आहेत. परीक्षेचाच भाग. पडवी भरली. मागची खोली वर्षभर बंद होती, हौद ठणठणीत कोरडा.

केशरबाई आली. दाराबाहेर थांबली नाही. सरळ आत येऊन पुढं बसली. कुणाची बोलायची छाती झाली नाही.

परीक्षा सुरू झाली. घुंगरं वाजली. मास्तरीण समोर आली...

तिचे दोन्ही हात मांडीवर होते.

छडी नव्हती.

मी डोळे फाडून बघत राहिलो. नाच संपला, निकाल लागला. अख्ख्या भागात कुठंही छडी नव्हती. ठकठक नव्हती.

सगळ्यांना त्या रात्रीची ठकठक आठवत होती. तात्यारावांनी उठून घाईनं टीव्ही बंद केला.

आणि मग...

ठक. ठक. ठक.

मागच्या खोलीतून.

आंबूस वास आला. फाटलेल्या दुधाचा. दोन बायकांना तिथंच ओकारी झाली. पडवी रिकामी झाली. सगळ्यात पुढं तात्याराव, चपला टाकून.

केशरबाई जागची हलली नाही.

"कुलूप काढा, भाऊ."

मी किल्ली काढली. कुलूप काढलं.

हौदावर पत्रा होता. आतून कुणीतरी वाजवत होतं. पत्रा थरथरत होता, पण उचलला जात नव्हता.

कारण वर दगड होता. फुटक्या जात्याचा. ओला.

तोच. मी स्वतः ओढ्यात टाकलेला.

केशरबाईनं दोन्ही हातांनी दगड ढकलला. पत्रा ओढला. आत काहीच नव्हतं. कोरडं सिमेंट, तळाला वाळलेला पिवळा थर. तरी आवाज चालूच होता. रिकाम्या हौदातून.

ठक. ठक. ठक.

तिनं माझ्याकडं बघितलं. "तुमी ऐकलं व्हतं."

मला खोटं बोलवेना. "व्हय. ऐकलं व्हतं."

आवाज थांबला.

केशरबाई मटकन खाली बसली. तोंडात पदर कोंबून रडली. मग म्हणाली, "म्या बी ऐकलं व्हतं. दारात हुबी व्हते. मला बी छडीच वाटली वो, भाऊ..."

मीही रडलो. हे खरं सांगतो.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. दगडाकडं बघितलं.

"आन् ह्यो दगड? त्या राती ह्यो पत्र्यावर कुणी ठिवला व्हता?"

मी म्हणालो, "मला ठावं न्हाय."

ठक.

एकदाच. अगदी माझ्या पायाशी.

केशरबाईनं तो आवाज ऐकला. मान वर करून ती माझ्याकडं बघत राहिली. उठली, डोक्यावरून पदर घेतला आणि निघून गेली.

नंतर संस्था बुडाली, ती खोलीही पाडली. त्या दुपारी काय वाजलं, मला आजही सांगता येत नाही. केशरबाई त्यानंतर तीस वर्षं त्याच गावात होती. रोज माझ्या दारावरून जायची. मला बघून क्षणभर थांबायची, जणू मी काही बोलणार आहे.

तीन वर्षांपूर्वी ती वारली. मी बोललो नाही.