फेच

वाटूरच्या फाट्यावर, खताच्या दुकानावरच्या खोलीत मी इंग्रजीचा क्लास घेतो. पोरं भरतीच्या परीक्षेची. त्यांना शब्द पाहिजे, अर्थ पाहिजे, बस. त्या दिवशी फळ्यावर शब्द लिहिला, फेच. जाऊन घेऊन येणं. उदाहरण घरचंच दिलं. क्लास सुटला की मी अंजूला, माझ्या सहा वर्षांच्या पोरीला, झुंबरआत्याकडून घेऊन येतो. झालं फेच.

मागून अक्षता म्हणाली, "सर, मोबाईलमधी दुसरा बी अर्थ आहे. जित्या माणसाचं हुबेहूब रूप. सकाळी दिसलं तर आयुष्य वाढतं म्हणे. संध्याकाळी दिसलं तर मरण."

"शब्द आला कुठून?"

"पक्कं कुणालाच माहीत न्हाई. न्यायला येतं म्हणून असंल, असं लिहिलंय."

"परीक्षेत न्हाई येत ते," मी खेकसलो. असल्या फालतू गोष्टींचा मला मनस्वी राग.

खाली चहावाले तातेराव कप विसळत होते. "सर, सकाळी हाक मारली तर वळून बी पाह्यलं न्हाई?" सकाळी मी जालन्याला गेल्तो. तसं सांगितलं तर म्हणाले, "म्हातारा झालो, आंधळा न्हाई." मला हसू आलं. सकाळीच दिसलो ना, मंग बरंय!

दुसऱ्या दिवशी क्लास सुटल्यावर उतरलो. दिवस बुडत होता. तातेराव माझ्याकडं बघतच राहिले.

"तुम्ही वर होता? मंग आत्ता आत्याबाईंच्या गल्लीत कोण गेलं?"

मरायचं तर मरू, पण अंजूला एकदा डोळे भरून बघू दे, एवढंच डोक्यात होतं. गाडी काढायचंही सुचलं नाही. पळत सुटलो.

आत्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती. दाराशी अंजूची चप्पल नव्हती.

"काय विसरला रे गोरख? आत्ताच तर पोरीला घेऊन गेल्ता."

"मी?"

"मंग कोण? न्यायला आलो, म्हणला."

"अन् अंजू?"

"लई रडली बाई आज. हे पप्पा न्हाईत म्हणून माझ्या लुगड्याला धरून बसली. सोडंचना. मंग मीच तिची बोटं सोडवली अन् तुझ्या हातात दिली."